इयत्ता चौथी, गिअर पाचवा

२००९ च्या सुमारास मी हरसूलला बँकेच्या शाखेत होतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातले हे गाव गुजरातच्या हद्दीला लागून आहे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या पाड्यांवरून कोकणा, वारली, महादेव कोळी माणसे उतरतात. कर्जासाठी येणाऱ्यांत अर्थातच शेतकरी अधिक. पण एके दिवशी एक ड्रायव्हर आला. मालकाची जीप त्याने सात-आठ वर्षे घाटांतून एकही ओरखडा न पाडता हाकली होती. आता भाजीपाला वाहण्यासाठी स्वतःची पिकअप घ्यायची होती. कागद चोख होते, जामीनदारही होता. अडचण एकच: लायसन्स खासगी हलक्या वाहनाचे होते, मालवाहतुकीचे नव्हते. आणि ते मिळण्यासाठी आठवी पास असावे लागे. हा गडी चौथीत शाळा सोडून गुरांमागे गेलेला.

मी नियम समजावून सांगितला. त्याने शांतपणे विचारले, "साहेब, गाडीत मालक बसला तर चालतं, टमाटे भरले तर नाय चालत?"

माझ्याकडे उत्तर नव्हते, शेरा मात्र होता. "योग्य परवान्याअभावी प्रकरण नामंजूर" असे लिहून मी सही केली. "आठवीचा दाखला करून देणारा हाय एक जण," असे तो जाता जाता म्हणाला. तसले काही करू नकोस, असे मी बजावले. तो पुन्हा आला नाही. पुढे कळले, की वापीकडे हमालीला गेला.

हा नियम नाशिकच्या आरटीओचा नव्हता, मुंबईच्या मंत्रालयाचाही नव्हता. मोटार वाहने हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे कायदा दोघांनाही करता येतो, पण विरोध आला तर सहसा केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहू आणि प्रवासी वाहनांच्या चालकाचे शिक्षण ठरवण्याचा अधिकार दिल्लीकडे दिला. दिल्लीने २००७ मध्ये आठवीची अट घातली. परवाना राज्याचा अधिकारी देणार, चाचणी तोच घेणार. पण समोरच्या माणसाचा हात किती तयार आहे हे पाहून अट सैल करण्याची मुभा त्याला नाही. त्याची अवस्था माझ्यासारखीच होती. सही आपली, हुकूम दुसऱ्याचा.

ही अट २०१९ मध्ये केंद्रानेच काढली. निमित्त झाले हरयाणाचे. मेवात भागातल्या अनेकांचे पोट ड्रायव्हिंगवर आहे आणि शिक्षण बेताचे, म्हणून त्या राज्याने सवलत मागितली होती. देशात सुमारे २२ लाख चालकांची टंचाई असल्याचेही तेव्हा केंद्राने सांगितले. जे दुखणे मेवातचे, तेच हरसूलचे. मेवातसाठी राज्य बोलले आणि बारा वर्षांनी हरसूलची वाट मोकळी झाली. टोमॅटोच्या प्रश्नाला तर सर्वोच्च न्यायालयानेच उत्तर दिले. साडेसात हजार किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचेच लायसन्स पुरेसे आहे, असा निकाल २०१७ मध्ये लागला आणि २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो कायम केला. चौथी शिकलेल्या माणसाला जे उमगले होते, ते आपल्या व्यवस्थेला उमगायला इतकी वर्षे लागली.

मग हा सगळा अधिकार राज्यांकडे सोपवावा काय? माझे उत्तर नाही असेच आहे. नाशिकला काढलेले लायसन्स कन्याकुमारीपर्यंत चालते. एखाद्या राज्याने डोळे मिटून परवाने वाटले, तर त्याचा ट्रक आमच्या कसारा घाटात उलटेल. अमेरिकेत एकेका ट्रकचालकाच्या खिशात अनेक राज्यांची लायसन्स असत; एकावर गुन्हे साचले की दुसरे पुढे. १९८६ च्या कायद्याने तिथे किमान कसोटी केंद्राची, परवाना राज्याचा आणि एका माणसाला एकच लायसन्स, अशी वाटणी झाली. शिवाय राज्य म्हणजे आपोआप शहाणपण, असेही नव्हे. रिक्षा परवान्यासाठी मराठीची सक्ती करणारे आपल्या राज्याचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केले. ज्याच्या घरात कोकणा किंवा वारली बोलली जाते, त्याला अशी अट कशी वाटत असेल?

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. कसोटी देशभर एकच असावी आणि कडकही असावी; पण ती नजरेची, ब्रेकची, घाटात भरली गाडी उभी करून पुन्हा चढावर घेण्याची असावी. शाळेच्या दाखल्याने यातले काहीच मोजले जात नाही. ती कसोटी माणसापर्यंत नेण्याचे काम राज्याचे. शिबिर पाड्याजवळ भरावे, खुणांचे प्रश्न तोंडी आणि त्याच्या बोलीत विचारावेत, प्रशिक्षण केंद्र आदिवासी तालुक्यात असावे. आणि दिल्लीचा नियम इथे कुणाच्या पोटावर येत असेल, तर तसे पत्र राज्याने बारा वर्षे वाट न पाहता लिहावे.

माझ्या शेऱ्यात चूक नव्हती, असे मी निवृत्तीपर्यंत स्वतःला सांगत आलो. चूक नव्हतीच. पण त्या दिवशी नामंजुरीबरोबर वरिष्ठ कार्यालयाला चार ओळींचे पत्र लिहिता आले असते. हा नियम इथे चालत नाही, एवढेच. ते मी लिहिले नाही.