पायाखालची राख

कणखरपणाची उपमा द्यायची झाली की मराठी वक्ता सह्याद्रीच्या कातळाकडे वळतो. आपल्या महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेतही दरवर्षी निदान चार भाषणांत हा कातळ हजेरी लावून जातो. त्यात गैर काही नाही. पण ज्या उपनगरांतून आपण रोज कॉलेजला येतो, त्या अंधेरी, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या भागांतील टेकड्या एकाच दगडाच्या बनलेल्या नाहीत. त्यांत कातळ आहे, तशीच राखही आहे. हा केवळ भूगोलाच्या तासापुरता भेद नव्हे. या टेकड्यांच्या उतारांवर हजारो कुटुंबे राहतात आणि त्यांच्या जीविताशी या भेदाचा थेट संबंध आहे. म्हणूनच कलाशाखेच्या वार्षिकात मातीविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. थरावर थर साचत गेले आणि आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. घाटावर हे काम बव्हंशी शांतपणे झाले. लाव्हा वाहिला, निवला आणि त्याचा काळा बेसाल्ट झाला. मुंबईच्या परिसरात मात्र स्फोटही झाले. राख उडाली, फुटलेल्या खडकांचे तुकडे तिच्यात मिसळले, हा सगळा गाळ साचून घट्ट झाला आणि त्याचा खडक बनला. निव्वळ राखेच्या खडकाला भूशास्त्रज्ञ टफ म्हणतात. ज्यात अणकुचीदार तुकडे रुतलेले असतात, त्याला ब्रेशिया किंवा मराठीत कोणाश्म म्हणतात.

हे दोन प्रकार पाहायला फार लांब जायला नको. अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. सुमारे दोनशे फूट उंचीचा, उभ्या खांबांची मोळी बांधावी तसा हा काळा कातळ. २००७ साली महापालिकेने त्याला वारसा दर्जा दिला. त्याच अंधेरीच्या पूर्वेला महाकालीची लेणी आहेत. ती कोरली आहेत कोणाश्मात. जोगेश्वरीची आणि बोरिवलीच्या जंगलातील कान्हेरीची लेणीही याच जातीच्या खडकात. हा खडक छिन्नीला लवकर दाद देतो. पण जो दगड छिन्नीला दाद देतो, तो पाण्यालाही देतो. जोगेश्वरीच्या खांबांवरील शिल्पे आज ओळखू येऊ नयेत इतकी झिजली आहेत, हा त्याचाच पुरावा.

कान्हेरीच्या भिक्षूंना ही गोष्ट ठाऊक असावी, असे तेथील रचना पाहून वाटते. शंभराहून अधिक लेणी, आणि बहुतेक लेण्यांच्या दाराशी पाण्याची टाकी. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. डोंगरावरून येणारे पाणी पन्हळी खोदून या टाक्यांत वळविले आहे. प्यायला पाणी मिळावे हा हेतू उघडच आहे. पण डोंगरावर राहायचे तर आधी पाण्याची वाट ठरवायची, हा विचारही त्यात आहे. जवळजवळ एक हजार वर्षे ही वस्ती नांदली.

आता या खडकावरची माती पाहू. कोणाश्म झिजू लागला की त्यातील राख आधी कुजते आणि तिची चिकणमाती होते. तिच्यात रुतलेले दगडाचे तुकडे मात्र तसेच राहतात. म्हणून आपल्या टेकड्यांच्या उतारावरची माती खडेरी असते: तांबूस चिखलात कोनदार खडे, आणि खाली अर्धवट कुजलेला मुरूम. सपाट जागी माती साचते. तीव्र उतारावर मात्र तिचा थर बऱ्याचदा फूट-दोन फुटांचाच असतो. कारवीची झुडपे आणि गवत यांची मुळे तेवढ्या मातीला धरून ठेवतात.

जपानमध्ये ज्वालामुखीच्या ताज्या राखेपासून बनलेल्या काळ्या, हलक्या मातीला ‘अंदो’ म्हणतात. ती आपल्या वजनाच्या मानाने विलक्षण पाणी धरते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी होक्काइडो बेटावर भूकंप झाला, तेव्हा अशा राखेच्या थरांनी झाकलेल्या टेकड्यांवर हजारो दरडी एकाच वेळी कोसळल्या. १३ जानेवारी २००१ च्या भूकंपात एल साल्वादोर देशातील लास कोलिनास या वस्तीवर राखेचा डोंगर घसरला आणि शेकडो माणसे गाडली गेली. आपली राख इतकी तरुण नाही. कोट्यवधी वर्षांत तिचा केव्हाच दगड झाला आणि त्या दगडाची माती. तिथे भूकंपाने धक्का दिला, आपल्याकडे ते काम पाऊस करतो. पण पाणी धरून ठेवण्याचा राखेचा गुण तिच्या चिकणमातीत उतरला आहे, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

उन्हाळ्यात मुरमाची टेकडी कुदळीने तोडली तर कापलेली बाजू भिंतीसारखी सरळ उभी राहते. हाताला ती घट्ट लागते. माणूस फसतो तो इथे. तो म्हणतो, मागची भिंत आयती मिळाली, आणि तिला टेकून खोली बांधतो. आषाढात चार दिवस झड लागली की पाणी खड्यांच्या फटींतून आत शिरते, खालच्या चिकण थरापर्यंत किंवा अभंग खडकापर्यंत पोचते आणि तिथे अडते. वरच्या मातीचे वजन वाढते, कणाकणांमधील पकड सुटते. पायथा तर आधीच तोडलेला असतो. मग एखाद्या रात्री तो सारा भार खाली येतो.

१२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरात हेच घडले आणि साठहून अधिक माणसे दगावली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी साकीनाक्याची दरड कोसळली. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूर आणि विक्रोळी येथे उतारावरील घरांवर दरड आणि भिंती कोसळून पंचवीसहून अधिक बळी गेले. महाराष्ट्रात अन्यत्र माळीण २०१४ मध्ये, तळीये २०२१ मध्ये आणि इर्शाळवाडी २०२३ मध्ये गेली. प्रत्येक ठिकाणची माती वेगळी, उतार वेगळा. महिना मात्र जुलैच. प्रत्येक वेळी ‘निसर्गाचा कोप’ हे शब्द छापून येतात. पाऊस तर दरवर्षीच येतो. मग एका जागी डोंगर टिकतो आणि दुसऱ्या जागी घसरतो, याचे उत्तर कोपात नसून पायथ्याच्या छेदात आणि पाण्याच्या अडलेल्या वाटेत शोधायला हवे.

पावसाळ्यापूर्वी डोंगरउतारावरच्या वस्त्यांना नोटिसा लागतात: जागा धोकादायक आहे, स्थलांतर करावे. या नोटिशीत का, हे नसते. कोणता उतार, कोणती माती, धोक्याच्या खुणा कोणत्या, याविषयी एक अक्षर नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की डोंगराचे हे ज्ञान डोंगरावर राहणाऱ्याच्या भाषेत त्याच्या दारापर्यंत पोचले पाहिजे, आणि ते पोचविण्याचे काम आपल्यासारख्या महाविद्यालयाचे आहे.

यावर एक आक्षेप निघेल आणि तो रास्त आहे. झोपडीत राहणाऱ्याला धोका कळत नाही असे थोडेच आहे? तो राहतो कारण त्याला दुसरी जागा परवडत नाही. मातीचे व्याख्यान ऐकून त्याला घर मिळणार आहे काय? नाही मिळणार. कामाच्या ठिकाणापासून फार दूर नसलेले पक्के घर हाच खरा उपाय आहे आणि ती जबाबदारी शासनाची आहे. पण ते घर मिळेपर्यंत किती पावसाळे जातील? तोवर ज्ञानाचा उपयोग आहे. उताराच्या माथ्यावर नवी भेग पडली, विजेचा खांब वा झाड कलले, दार एकाएकी घट्ट बसू लागले, पायथ्याच्या झऱ्याला गढूळ पाणी येऊ लागले, तर त्या रात्री तिथे झोपायचे नाही, एवढे कळले तरी जीव वाचू शकतात. संरक्षक भिंतीला पाणी जाण्यासाठी भोके ठेवावी लागतात, नाहीतर ती भिंत न राहता धरण होते. ती भोके कचऱ्याने वा सिमेंटने बुजवू नयेत, हेही ज्ञानच.

शिवाय अज्ञान केवळ झोपडीत नाही. टेकडीचा पायथा यंत्राने तोडून उंच इमारती उभारणाऱ्यांनी आणि त्यांत फ्लॅट घेणाऱ्या आपल्या आईवडिलांनी तरी मागचा उतार कशाचा आहे, हे कधी विचारले आहे काय? गरिबाने कुदळीने केले तर अतिक्रमण आणि श्रीमंताने यंत्राने केले तर विकास, हा भेद मातीला समजत नाही.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिची शिबिरे खेड्यांत जातात, रस्ते करतात, झाडे लावतात. त्यांचे मोल मी कमी मानीत नाही. पण एक शिबिर आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीवर का असू नये? भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी उताराचा कोन, मातीची जाडी आणि पाण्याच्या वाटा यांचा नकाशा करावा. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी घरोघरी जाऊन कोणत्या पावसात काय घडले याची नोंद घ्यावी. मराठी आणि हिंदीच्या विद्यार्थ्यांनी ते सर्व सोप्या शब्दांत भित्तिपत्रकावर उतरवावे. अभियंत्यांचे काम अभियंत्यांनीच करावयाचे आहे. त्यांचे म्हणणे वस्तीला समजेल आणि वस्तीचे अनुभव त्यांच्यापर्यंत पोचतील, एवढी जोडणी मात्र कलाशाखेला सहज जमण्यासारखी आहे.

विद्यार्थी मित्रहो, हे काम मे महिन्यात, माती कोरडी असताना करावयाचे आहे. जुलै उजाडल्यावर सभा घेऊन उपयोग नाही. भूगोल विभागातील आमच्या प्राध्यापकांनी पुढाकार घ्यावा, अशी त्यांना विनंती आहे. नकाशासाठी पहिली नावनोंदणी माझी समजावी.