आरोग्यचिंतन : पुरुष नसबंदीचा निर्णय घेण्यापूर्वी



दारव्हा येथील एका भगिनीचे पत्र आले आहे. दोन अपत्ये, दोन्ही सिझेरियनने झालेली. आता थांबावयाचे, यावर घरात सर्वांचे एकमत आहे आणि शस्त्रक्रिया कोणाची व्हावयाची हे कोणी न विचारताच ठरून गेले आहे. यजमान स्वतः तयार आहेत. परंतु सासूबाईंचा प्रश्न असा की, मोसमात पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या माणसाला अशक्तपणा आला तर पेढी कोणी सांभाळावयाची? पत्राच्या अखेरीस भगिनी लिहितात, ‘त्यांना खरे काय ते कळेल, असे काही लिहा.’ म्हणून या वेळचे लेखन बंधूंसाठी आहे. हा विषय बैठकीत वाचण्यासारखा नाही असे ज्यांना वाटेल त्यांनी तो एकांतात वाचावा, परंतु वाचावा.

आपल्या देशात कुटुंबनियोजनाचा भार कोणाच्या देहावर पडतो, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्पष्ट दिसते. पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतः नसबंदी करून घेतलेली होती. पतीची नसबंदी झालेल्यांचे प्रमाण ०.३ टक्के. म्हणजे शंभराहून अधिक स्त्रियांमागे एक पुरुष. आपले व्यापारी घराणे शिकलेले, शहाणे, हिशेबात पक्के. पण या एका हिशेबात आपण इतरांहून पुढे आहोत, असे मला कोठे दिसलेले नाही.

हे नेहमीच असे नव्हते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रे चालत आणि कामावर जाता-येता माणसे तेथे ही शस्त्रक्रिया करून घेत. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या होत्या. ठिकठिकाणी उद्दिष्टाचे आकडे गाठण्यासाठी सक्ती झाली. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयकच संमत केले होते; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. त्या दोन वर्षांची भीती घरोघरी अशी मुरली की, आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी ऐकून नातूही हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणतो. सक्तीचा राग योग्यच होता. परंतु त्या रागाची किंमत पुढची जवळजवळ पन्नास वर्षे स्त्रियांनी मोजली, हे आपण विसरतो.

आता सासूबाईंच्या शंकेकडे वळू. वृषणात दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे शुक्रजंतू तयार होतात आणि दुसरी म्हणजे पुरुषत्वाला आवश्यक असा अंतःस्राव तयार होतो. शुक्रजंतू दोन बारीक नलिकांमधून वर जातात. अंतःस्राव मात्र थेट रक्तात मिसळतो, त्याचा त्या नलिकांशी काही संबंध नाही. नसबंदीत केवळ त्या दोन नलिका कापून बांधल्या जातात. वृषणाला हातही लागत नाही. त्यामुळे दाढी-मिशा, आवाज, बळ, इच्छा, दाम्पत्यसुख यांत फरक पडत नाही. वीर्याचा फार मोठा भाग अन्य ग्रंथींत तयार होतो, तो पूर्ववत राहतो. शुक्रजंतूंचा वाटा इतका अल्प असतो की, त्यांच्या अभावी डोळ्यांना काही उणे दिसत नाही. तयार झालेले शुक्रजंतू शरीरातच जिरून जातात. अशक्तपणा येण्याचे यात कारणच नाही. कोणी ‘तेव्हापासून अंगात बळ राहिले नाही’ असे म्हणत असेल, तर त्याने रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. बहुधा उत्तर तेथे सापडेल.

आजची पद्धतही आजोबांच्या काळातील नाही. चीनमधील शल्यविशारद ली शुनचियांग यांनी १९७४ साली बिनटाक्याची रीत शोधली. आपल्याकडे एनएसव्ही या नावाने ती ओळखली जाते. जागा बधिर करणारे इंजेक्शन, त्वचेवर सुरीऐवजी टोकदार चिमट्याने केलेले एक लहानसे छिद्र, पंधरा-वीस मिनिटांचे काम, आणि त्याच दिवशी घरी. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते, ते येथे नाही. एक मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सिझेरियन होत असतानाच स्त्रीची नसबंदी केली, तर तिच्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया ठरत नाही. ती वेळ निघून गेल्यावर, केवळ रीत म्हणून, पुन्हा तिलाच टेबलावर झोपविणे मात्र मला न्यायाचे वाटत नाही.

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आता येतो. येथे घाई करू नये. नसबंदी झाली म्हणजे त्या दिवसापासून गर्भधारणा थांबली, असे नाही. नलिकेच्या वरच्या भागात आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात आणि ते निघून जाण्यास काळ लागतो. म्हणून पूर्ण तीन महिने निरोध किंवा अन्य साधन वापरणे आवश्यक आहे आणि त्यानंतर वीर्याची तपासणी करून, त्यात शुक्रजंतू नाहीत असा अहवाल हाती आल्यावरच साधन सोडावयाचे. ही तपासणी कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेत होते. तरीही असंख्य पुरुष तिकडे फिरकत नाहीत. शस्त्रक्रियेला धैर्याने जाणारा माणूस नमुन्याची डबी नेण्यास लाजतो!

या लाजेचे मोल कोण देते? समजा, शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच महिन्यात पत्नीला दिवस गेले. वैद्यकशास्त्राला यात काही नवल नाही. घराला मात्र नवल वाटते, आणि मग नजरा बदलतात. ‘त्याची तर झाली आहे ना?’ एवढा एकच प्रश्न घरात, मग नातलगांत, मग बाजारपेठेत फिरू लागतो. काहीही अपराध नसलेली स्त्री आपल्या शीलाचा पुरावा देत बसते. तपासणीत शुक्रजंतू नाहीत असे दिसल्यानंतरही, फार क्वचित, साधारण दोन हजारांत एखाद्या पुरुषाच्या बाबतीत, नलिका पुढे कधीतरी आपोआप जुळते. म्हणून वर्षांनी जरी असा प्रसंग आला, तरी पहिली तपासणी पतीच्या वीर्याची व्हावी. पत्नीला प्रश्न विचारण्याचे काहीच कारण नाही. शस्त्रक्रियेला जाणाऱ्या बंधूंनी ही गोष्ट आपल्या आई-वडिलांना आधीच सांगून ठेवावी. नंतर सांगितली तर ती सबब वाटते.

शासकीय वा मान्यताप्राप्त ठिकाणी केलेली शस्त्रक्रिया निष्फळ ठरल्यास नुकसानभरपाई मिळण्याची योजना २००५ सालापासून आहे. त्यासाठी शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र आणि तपासणीचा अहवाल हवा. दुकानाची बिले आपण वर्षानुवर्षे जपतो. हे दोन कागदही जपावेत.

दुसरी गोष्ट : हा निर्णय कायमचा समजूनच घ्यावा. नलिका पुन्हा जोडण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया आहे. परंतु ती खर्चिक, सर्वत्र न होणारी, आणि जितकी वर्षे लोटतात तितकी यशाची आशा कमी. ‘नको वाटले तर जोडून घेऊ’ या हिशेबाने जाऊ नये. धाकटे अपत्य अगदी तान्हे असेल तर थांबावे. शासनाचा नियमही असा की, पुरुष विवाहित आणि साठ वर्षांखालील असावा व किमान एक अपत्य एक वर्षाहून मोठे असावे. ज्या घरात दोन मुलींवर थांबण्याची मनापासून तयारी नाही, तेथे आधी ती तयारी व्हावी. आपल्या समाजाची संख्या २०११च्या जनगणनेत सुमारे साडेचव्वेचाळीस लाख होती आणि ती घटेल या चिंतेने तिसऱ्या अपत्याची हाक काही व्यासपीठांवरून ऐकू येते. ती चिंता मी समजू शकतो. पण किती अपत्ये हवीत हे पती-पत्नींनी ठरवावे, सभेने नव्हे. आणि येथे विचार चालला आहे तो ज्यांचे ठरले आहे त्यांचा.

कायद्याने पत्नीची सही लागत नाही. तरीही तिला न सांगता हे करणे योग्य नाही, हे निराळे सांगावे लागू नये.

धोके आहेत, ते लपविणार नाही. शंभरात एक-दोघांना रक्त साकळणे किंवा जंतुसंसर्ग होतो. तो बहुधा उपचाराने बरा होतो. तितक्याच लोकांना मात्र महिनोन्‌महिने टिकणारी, दैनंदिन जीवनात अडथळा आणणारी वेदना राहू शकते. हे प्रमाण अल्प असले तरी ज्याच्या वाट्याला येते त्याला ते अल्प नसते. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना याविषयी स्पष्ट विचारावे. मधुमेह असल्यास साखर आधी आटोक्यात आणावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास सांगावी. विदर्भात हत्तीरोगाचा प्रादुर्भाव जुना आहे. अंडवृद्धी, हर्निया किंवा तेथील जुनी सूज असेल तर ती लाजेखातर दडवू नये, कारण त्याने शस्त्रक्रियेची रीतच बदलू शकते.

काही शंका खास आपल्या घरच्या. नसबंदीत जीवहिंसा होते का, असे विचारले जाते. गर्भधारणा झाल्यावर ती पाडणे आणि गर्भधारणाच होऊ न देणे यांत मोठे अंतर आहे. नको असलेला गर्भ राहून पुढे गर्भपाताचा प्रसंग येऊ नये, हाही विचार श्रावकाने करावा. ज्यांना ब्रह्मचर्याचा नियम घेणे शक्य आहे त्यांना वंदन. ज्यांना स्वदारसंतोष हेच आपले अणुव्रत पाळावयाचे आहे, त्यांनी आपल्या गुरुभगवंतांशी निःसंकोच बोलावे.

एक बाब फारच थोड्यांना ठाऊक असते. नलिका बांधण्यासाठी पुष्कळ ठिकाणी रेशमाचा धागा वापरतात, आणि कॅटगट हा जुना धागा तर प्राण्यांच्या आतड्यापासून बनतो. कृत्रिम धागा उपलब्ध असतो; आधी सांगितले तर डॉक्टर व्यवस्था करू शकतात, टेबलावर झोपल्यावर सांगून उपयोग नाही. औषधांतही जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी गोळी मागावी, आणि चौविहार असेल तर सूर्यास्तापूर्वी घेता येईल अशा वेळा लिहून घ्याव्यात.

राहिला प्रश्न मुहूर्ताचा. शासनाचा पुरुष नसबंदी पंधरवडा दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर असतो. यवतमाळ, वणी, पांढरकवड्यात तेव्हा कापसाच्या गाड्या उभ्या असतात आणि जिनिंग रात्रंदिवस चालू असते. तेव्हा आपला व्यापारी दोन दिवस घरी बसेल, ही अपेक्षाच व्यर्थ. शस्त्रक्रिया मात्र पंधरवड्यापुरती नसते. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचे ग्रामीण रुग्णालय येथे चौकशी करावी आणि एनएसव्हीचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारून घ्यावे. मोसम संपल्यावर, चातुर्मास लागण्यापूर्वीचा काळ आपल्याला सोयीचा. पर्युषणाच्या तोंडावर, अठाईचा संकल्प असताना हे करू नये. त्या दिवसांत औषधे आणि पाणी वेळेवर घेणे जमत नाही.

घरी आल्यावर दोन दिवस विश्रांती, घट्ट आधार देणारे अंतर्वस्त्र, अधूनमधून कापडात गुंडाळलेला बर्फ. तिसऱ्या दिवसापासून गादीवर बसून हिशेब लिहिण्यास हरकत नाही. परंतु पोती उचलणे, मोटारसायकलवरून खेडोपाडी वसुलीस जाणे आणि दाम्पत्यसंबंध आठवडाभर टाळावेत. ताप आला, सूज वाढतच गेली, किंवा रक्त थांबले नाही, तर रात्रीचे किती वाजले आहेत हे न पाहता त्याच डॉक्टरांकडे जावे. आणि घरी परतल्याच दिवशी तीन महिन्यांनंतरची तपासणीची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहावी. पत्नीलाही ती दिसेल अशा ठिकाणी.