नाव जुळले, माणूस जुळला का?



अनोळखी माणसाची पारख करण्याची एक नवी रीत आज आपल्यांत रूढ झाली आहे. कोणी व्यवहाराचा निरोप पाठवला की त्याचे युजरनेम घ्यायचे आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, टेलिग्राम, लिंक्डइन अशा साऱ्या ठिकाणी शोधायचे. चार ठिकाणी तेच नाव नि तोच फोटो दिसला की ‘माणूस खरा आहे’ असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. ही रीत अगदीच निरुपयोगी नाही. परंतु तिच्यावर आपण नको तितकी भिस्त ठेवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा शोध चालतो तरी कसा? ‘शेरलॉक’ नावाचा एक मोफत प्रोग्राम एकच युजरनेम शेकडो संकेतस्थळांवर शोधून देतो. प्रत्येक ठिकाणी तो एवढेच विचारतो की, या नावाचे पान तुमच्याकडे आहे का? ते पान त्याच माणसाचे आहे का, हे तो विचारत नाही. युजरनेम एका संकेतस्थळापुरतेच एकमेव असते. इन्स्टाग्रामवर एकाने घेतलेले नाव टेलिग्रामवर दुसरा कोणीही घेऊ शकतो. त्यात आपल्या भागात पाटलांना तोटा नाही! आडनावापुढे जन्मसाल जोडले की सारखी नावे व्हायला कितीसा वेळ लागतो? शिवाय रोमन लिपीत शिरताना ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला भेद, मराठीत काय नि कन्नडमध्ये काय, बुडतोच.

माझ्या आतेभावाला घरबसल्या कामाची एक जागा चालून आली. निरोप धाडणाऱ्या बाईंचे नाव त्याने पाच ठिकाणी शोधले. पाचही ठिकाणी तोच फोटो, तीच कंपनी. त्याने अनामत म्हणून तीन हजार रुपये भरले. ते गेले ते गेलेच. पाचही खाती एकाच हाताने उघडलेली असतील, तर ते पाच साक्षीदार कसे? ती एकाच साक्षीदाराची पाच वेळा दिलेली जबानी होय.

आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. आपल्याला हे नवे वाटू नये. हिशेबतपासनीस येणेबाकी पडताळतो तेव्हा ऋणकोला पत्र पाठवतो, आणि उत्तर कंपनीकडे न येता थेट त्याच्याकडे यावे असा आग्रह धरतो. ज्याची तपासणी करायची, त्याच्याच हातून आलेला पुरावा कमी मोलाचा. जुन्या शहाजोग हुंडीचेही तेच. तिची रक्कम ‘शहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या माणसालाच द्यायची असे. समोरचा आपले नाव काय सांगतो यापेक्षा पेठेत त्याला कोण ओळखतो, याची चौकशी पैसे देणाऱ्याला करावी लागे.

खुणेवर विसंबण्याचा परिणाम मोठ्या कंपन्यांनीही भोगला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने (आताचे एक्स) ओळखीची निळी खूण महिना आठ डॉलरला देऊ केली. लगेच एका तोतयाने एली लिली या औषध कंपनीच्या नावाने ‘इन्शुलिन फुकट’ अशी घोषणा केली. खऱ्या कंपनीला खुलासा करून दिलगिरी व्यक्त करावी लागली.

पैशापेक्षाही अब्रूचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. कोणा निनावी माणसाने काही वाईट लिहिले, तेच युजरनेम एखाद्या वर्गमित्राचे निघाले, की संध्याकाळपर्यंत ग्रुपवर त्याला गुन्हेगार ठरवायला आपण कमी करत नाही. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या बाँबस्फोटानंतर अशाच हौशी शोधकांनी चेहऱ्याच्या साधर्म्यावरून एका बेपत्ता विद्यार्थ्याला आरोपी ठरवले. त्याचा स्फोटाशी काडीचाही संबंध नव्हता. पुढे त्याचा मृतदेहच सापडला. तोवर त्याच्या घरच्यांना काय काय ऐकावे लागले असेल!

मग शोध घ्यायचाच नाही का? जरूर घ्यावा, पण त्याची मर्यादा ओळखून. खाते कालपरवाच उघडलेले, एकीकडे वकील तर दुसरीकडे डॉक्टर, अशी विसंगती आढळली तर ती सावध व्हायला पुरेशी आहे. सुसंगती आढळली तर ती विश्वास टाकायला पुरेशी नाही. पुढची चौकशी समोरच्याने न दिलेल्या वाटेने करावी: कंपनीचा नंबर स्वतः शोधून फोन करावा, मित्राच्या नावाने पैसे मागितले तर त्याच्या जुन्याच नंबरवर त्याचा आवाज ऐकावा, यूपीआयवर पैसे सोडण्यापूर्वी खातेदाराचे नाव वाचावे. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आणि कोणावर आरोप करायचा असेल, तर तो ग्रुपवर टाकण्याआधी त्यालाच एकदा समोर बसवून विचारावे. एवढी सवय आपण आपल्या कॉलेजात लावून घेतली, तरी पुष्कळ झाले.