खाऊचे पैसे आणि फोनचं चार्जिंग

गेल्या महिन्यात ताईकडे कोथरूडला गेलो होतो. भाचा सात वर्षांचा, दुसरीत. त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, तर पठ्ठ्याने चॉकलेट, चिप्सची दोन पाकिटं आणि एक लाइट लागणारा भोवरा असं सगळं काउंटरवर मांडलं. मी सहज म्हटलं, "अरे, एवढे पैसे आहेत का आपल्याकडे?" त्याने माझ्या हातातला फोन आपल्याकडे वळवला, वरच्या कोपऱ्यात बघितलं आणि सांगितलं, "हो मामा, बासष्ट टक्के आहे."

दुकानात खूप हसलो. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, परत हसलो. रात्री मात्र वाटलं, त्याचं काय चुकलं? यूपीआय आलं २०१६ मध्ये, हा त्यानंतर जन्मलेला. दुकानातून हात हलवत परत यावं लागलं असा एकच प्रसंग त्याने पाहिलाय, तो म्हणजे ताईचा फोन बंद पडला तेव्हाचा. पोरगं निरीक्षणाला पक्कं आहे. डेटाच चुकीचा मिळालाय.

आमच्या लहानपणी असला घोळ शक्यच नव्हता. मी सांगलीचा. पाचवीत गेल्यावर, म्हणजे २००७ साली, बाबांनी महिन्याला वीस रुपये सुरू केले. एक तारखेला दोन दहाच्या नोटा हातात, की परत पुढच्या एक तारखेलाच. पहिल्याच महिन्यात मी दोन दिवसांत सगळे पैसे डब्ल्यूडब्ल्यूईच्या कार्डांवर आणि रुपयाच्या पेप्सीकोलावर उडवले. (पेप्सीकोला म्हणजे ती प्लॅस्टिकच्या नळीतली बर्फाची कांडी. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्याबद्दल सहानुभूती.) पंधरा तारखेला वर्गातली सगळी पोरं जत्रेला निघाली आणि माझ्या खिशात दमडी नाही. बाबांकडे गेलो. ते पेपरमधून मानही वर न करता म्हणाले, "उचल मिळणार नाही."

आईने मग स्वयंपाकघरात बोलावून हळूच पाच रुपये दिले. बाबांना ते माहीत होतं हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

एका गोष्टीत मात्र बाबा चुकले असं मला आजही वाटतं. त्यांनी सोबत एक वही दिली होती, हिशेब लिहायला. रविवारी वही तपासायचे. कार्डांना त्यांचा विरोध, त्यामुळे मी दोन महिन्यांतच 'पेन्सिल – ३ रु., खोडरबर – २ रु.' असं लिहायला शिकलो. त्या वर्षी मी एवढी खोडरबरं घेतली की त्यात अख्ख्या शाळेच्या चुका खोडून झाल्या असत्या! हिशेब आला की नाही माहीत नाही, खोटी बिलं लावता यायला लागली. म्हणून माझं मत असं, की दिलेले पैसे त्याचे. कशावर घालवले हे विचारायचं नाही. त्याने आपणहून सांगितलं तर ऐकायचं, आणि चेहरा सरळ ठेवायचा.

बरं, हे सगळं ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याला हवं ते सगळं मिळतंय, वेगळे पैसे कशाला?" अगं, तीच तर अडचण आहे! सगळं मिळतंय म्हणूनच भोवरा घेतला तर चिप्स सोडावे लागतील, असा विचार करायची वेळच त्याच्यावर येत नाही.

दाजींचं म्हणणं वेगळं. ते कंपनीत मॅनेजर, त्यामुळे त्यांनी उन्हाळ्यात घरी रेट कार्डच काढलं होतं. चपला जागेवर ठेवल्या तर पाच रुपये, ताट उचललं तर पाच, गादी आवरली तर दहा. दोन आठवडे घर चकाचक. तिसऱ्या आठवड्यात आजीने चष्मा आणून दे म्हणून सांगितलं, तर चिरंजीव म्हणाले, "किती देणार?" आजी दिवसभर गप्प होत्या. रेट कार्ड त्याच संध्याकाळी फ्रिजवरून उतरलं. दाजी अजूनही म्हणतात की स्कीम चांगली होती, अंमलबजावणी चुकली. असो, मॅनेजर लोकांशी या विषयावर वाद घालू नये.

आता मी एवढा शहाणपणा शिकवतोय तर माझीही गोष्ट सांगतो. २०२१ मध्ये मी क्रेडिट कार्डावर ४८ हजारांचा फोन घेतला. बिल आलं, त्यात 'किमान देय रक्कम' लिहिलेली. मला वाटलं, वा, सोय आहे. पाच महिने दरमहा अडीच हजार भरत राहिलो. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, त्यावर जीएसटी. साडेबारा हजार भरून झाले तेव्हा बाकी जेमतेम अडीच हजारांनी उतरली होती. आठवीला चक्रवाढ व्याजाचं सूत्र पाठ होतं, त्याच्या गणितात कधी मार्क गेले नाहीत. पण परीक्षेत ती रक्कम कुणा 'रामराव' नावाच्या गृहस्थांनी घेतलेली असायची. शेवटी एफडी मोडून मोकळा झालो. घरी सांगितलं नाही, बाबा हे वाचत असतील तर आता कळलंच.

त्यावर बराच विचार केला. वीस रुपये संपले की संपायचे, खिसा उलटा करून दिसायचं. कार्ड संपलंच नाही, कारण उचल मिळत होती, आणि उचल म्हणजे काय हे मला कुणी छोट्या रकमेत दाखवलं नव्हतं. बाबांनी त्या जत्रेला पाच रुपये देऊन पुढच्या महिन्यात सहा कापले असते तर? आमच्या धंद्यात टेस्टिंग लहान डेटावर करतात. मी थेट प्रॉडक्शनवर केलं.

तर ताईला मी सुचवलं ते एवढंच: आठवड्याला पन्नास रुपये, रोख, दहाच्या पाच नोटा. बक्षीस म्हणून द्यायचे नाहीत, शिक्षा म्हणून कापायचे नाहीत. सगळे उडवले तर उडवू दे. दहा वर्षांचा झाला की बचत खातं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये अल्पवयीन मुलांच्या खात्यांचे नियम नव्याने काढले, त्यात दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतः खातं चालवता येतं. मला आवडलेला भाग म्हणजे या खात्यावर ओव्हरड्राफ्ट चालत नाही, शिल्लक शून्याच्या खाली जात नाही. थोडक्यात, उचल मिळणार नाही! ऑफिसातला एक मित्र म्हणतो, २०२४ पासून यूपीआय सर्कल आहे, मर्यादा घालून घरच्यांना पैसे वापरायला देता येतात, नोटा कशाला हव्यात? कॉलेजच्या पोराला जरूर द्या. सातव्या वर्षी मात्र मला पाचातल्या तीन नोटा गेल्यावर उरलेल्या दोन त्याच्या मुठीत दिसायला हव्यात.

परवाच्या रविवारी पहिले पन्नास दिले. आज सकाळी ताईचा मेसेज आला. चाळीस रुपयांचा भोवरा घेतला, तो दुपारपर्यंत तुटला, उरलेल्या दहाची पेप्सी प्यायला, आणि संध्याकाळी सोसायटीतली सगळी पोरं पाणीपुरीला गेली तेव्हा हा गेटपाशी उभा. "रडतोय रे. देऊ का पन्नास?"

मी 'अजिबात नको' असं टाइप केलं. मग आईचे ते पाच रुपये आठवले. आता दुपारचे तीन वाजलेत, मेसेज अजून पाठवलेला नाही.