टक्केवारीत न मावणारे पाणी

पावसाळा लागला की वर्तमानपत्रांत रोज एक चौकट येते. येलदरी इतके टक्के, सिद्धेश्वर इतके, ईसापूर इतके; शेजारी दलघमीचा आकडा आणि उघडलेल्या दरवाजांची संख्या. हिंगोली जिल्ह्यातला शेतकरी ही चौकट सोयाबीनच्या भावाआधी वाचतो. पूर्णा आणि पैनगंगेवरच्या या धरणांवर त्याची हळद, त्याचा ऊस आणि त्याच्या घरचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे. २०२५ च्या पावसाळ्यात तर या आकड्यांची धास्ती वाटली. अतिवृष्टीने मराठवाड्यात उभी पिके पाण्यात गेली आणि दरवाजे उघडल्याच्या बातमीने नदीकाठच्या गावांची झोप उडाली. अशा वर्षी दिवाळी अंकाचा विषय पाणीच असावा का, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी तोच ठरला. पाणी किती आहे हे आपल्याला रोज कळते. ते कसे आहे आणि त्यात काय जगते आहे, हे कोणी विचारतही नाही.

दख्खनच्या काळ्या दगडावर निसर्गाने गोड्या पाण्याचे मोठे सरोवर दिलेले नाही. आपल्या शेजारचे लोणार अशनीच्या आघाताने झाले, पण त्याचे पाणी खारे. सैबेरियातले बैकल सरोवर सुमारे अडीच कोटी वर्षांचे मानतात. तिथली जीवसृष्टी तेवढ्या काळात आपापली घडत गेली. आपल्याकडचे तलाव मात्र माणसाने बांधले आणि माणसानेच राखले. म्हणून राखणारा माणूस दूर झाला की त्यांची घसरण फार वेगाने होते.

ती कशी होते आणि कशी थांबवता येते, हे पाहायचे तर भंडारा-गोंदियाकडे जावे. तिथे कोहळी समाजाने शतकांपूर्वी तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. जून २०२५ मध्ये आपल्यातून गेलेले मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून याच तलावाकाठी राहिले, आणि तिथल्या जाणत्या माणसांकडून शिकलेले पक्ष्यांचे, झाडांचे जग त्यांनी मराठी वाचकांना दिले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, गेली आणि तिच्यासोबत हे तलाव सरकारजमा झाले. सिंचन एका खात्याकडे, मासेमारी दुसऱ्याकडे, आणि तलाव म्हणून तलाव कोणाकडेच नाही. काठाने बेशरम माजली. उत्पन्न वाढावे म्हणून बाहेरचे मत्स्यबीज सोडले गेले, त्यात पाणवनस्पती फस्त करणारा गवत्या म्हणजे ग्रास कार्पही होता. पाणी तेवढेच राहिले, पण देशी मासे कमी होत गेले आणि पाखरांनीही पाठ फिरवली.

याचे मूळ तळात आहे, हे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या जाणत्यांना ठाऊक होते. पतिराम तुमसरे यांच्यासारख्यांचे हे ज्ञान आणि मनीष राजनकर व भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचा अभ्यास यांची गाठ पडली, आणि त्यातून एक साधी पण कष्टाची पद्धत उभी राहिली. उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ बेशरम उपटून मोकळा करायचा, नांगरायचा. पाऊस पडला की भाताची रोवणी करावी तशी चिखलात पाणवनस्पतींची लावणी करायची. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, पाने तरंगत ठेवणारी निम्फॉइडिस, सगळ्या तिथल्याच. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या निमगावात ढिवर बायांनी गुडघाभर चिखलात उभे राहून हे काम केले. देशी मासे परत आले. मला या सगळ्या हकिगतीत मोलाचे वाटते ते हे, की तलाव दुरुस्त करायला त्यांनी आधी त्यात काय वाढत होते ते आठवले.

पाण्याखालचे हे गवत काय करते? गाळ धरून ठेवते, त्यामुळे पाणी नितळ राहते आणि ऊन तळापर्यंत पोचते. शेतातून वाहून आलेले खत ते स्वतः शोषते; ते नसले तर तेच खत शेवाळाला मिळते आणि पाणी हिरवे, कुबट होते. शिवाय ते माशांचे बाळंतघर आहे. मरळ अशाच गवतात जागा करून अंडी घालते. काही दिवसांनी पृष्ठभागावर लालसर पिल्लांचा दाट पुंजका हलताना दिसतो, आणि बारकाईने पाहिले तर त्याखाली पहारा देणारे आईबाप दिसतात. ढिवर किंवा भोई माणूस तो पुंजका लांबून ओळखतो. गवत गेले की मरळ पुंजका कुठे वाढवणार? मग जाळ्यात उरते ती चिलापी.

आता आपल्याकडे येऊ. हिंगोलीच्या जलेश्वर तलावापासून गावोगावच्या पाझर तलावांपर्यंत कुठल्याही तलावाची चर्चा अतिक्रमण, सुशोभीकरण आणि गाळ या तीन शब्दांत आटोपते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ साली आली. गाळाने हलकी जमीन सुधारते, गाळ निघाल्याने साठा वाढतो. तिच्या विरोधात आम्ही नाही. पण पोकलेनला तळ आणि काठ यातला फरक कळत नाही. ओढा जिथे तलावात उतरतो तिथला उथळ, संथ उतार हाच तलावाचा जिवंत भाग असतो. तिथे ऊन पोचते, तिथे गवत रुजते, तिथेच थंडीत येणारे चक्रवाक उतरतात आणि चिखल्या पिले काढतो. तो उतार खरवडून काठ उभा कापला की साठ्याचा आकडा वाढतो आणि तलाव मात्र नुसती टाकी होतो. मोठ्या धरणांच्या फुगवट्यातही, पाणी उतरेल तसतशी गाळपेर पाण्याच्या कडेपर्यंत येते आणि तिच्यासोबत फवारेही येतात. भूमिहीनांची पोटे त्यावर आहेत, त्यामुळे गाळपेर बंद करा असे म्हणणे अन्यायाचे होईल; पण पाण्याला लागून काही हात पट्टी बिनफवाऱ्याची ठेवता येते.

गाळाची कामे उन्हाळ्याच्या तोंडावर घाईने मंजूर होतात, तोवर बोलायची वेळ गेलेली असते. म्हणून संक्रांतीच्या सुमारास, पाणी उतरू लागले की, गावातल्या भोई मंडळींना सोबत घेऊन तलावाला एक फेरी मारावी. ओढ्याच्या तोंडाची उथळ पट्टी त्यांच्याकडून दाखवून घ्यावी, तिथे खुणेचे दगड रोवावेत आणि ग्रामसभेच्या ठरावात लिहावे, की या दगडांच्या आत यंत्र उतरणार नाही. त्याच ठरावात, मत्स्यबीज सोडताना गवत्या नको, हेही लिहावे. असे ठराव करणाऱ्या हिंगोली जिल्ह्यातल्या गावांनी ठरावाची प्रत आमच्याकडे पाठवावी. पुढच्या दिवाळी अंकात ती गावाच्या नावानिशी छापू.