भाटकार, कूळ आणि तिसरा माणूस

गोव्यातील जमिनीच्या तंट्यांचा विषय निघाला की भाटकार आणि कूळ हे दोघेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. वस्तुतः त्याच भाटात पिढ्यान्‌पिढ्या एक तिसरा माणूस राहत आला आहे. तो म्हणजे मुंडकार. भाटकाराच्या संमतीने, बहुधा माडांच्या राखणीच्या किंवा पडेल त्या कामाच्या मोबदल्यात, त्याने तेथे घर बांधले. कुळाचा दावा कसलेल्या जमिनीवर, तर याचा डोक्यावरील छपरावर. या दोन हक्कांसाठी दोन स्वतंत्र कायदे झाले. जमीन मात्र पुष्कळदा एकच होती, आणि आजच्या गुंत्याचे मूळ मला येथे दिसते.

कूळ कायदा १९६४ चा. त्याच्या पाचव्या दुरुस्तीने, २० एप्रिल १९७६ रोजी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो तिचा खरेदीदार मानला गेला. ही दुरुस्ती न्यायालयीन वादात सापडली, तेव्हा १९८४ साली सत्तेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तिला नवव्या परिशिष्टाचे कवच दिले. मुंडकार कायदा १९७५ चा. त्याने घराभोवतीची पाच मीटर जागा, अथवा तिच्याऐवजी घरासह पंचायत क्षेत्रात ३०० व अन्यत्र २०० चौरस मीटर जागा, विकत घेण्याचा हक्क दिला. परंतु येथे मानीव खरेदी नाही. मुंडकाराला हुसकावता येणार नाही, एवढेच आपोआप झाले. मालकी हवी तर त्यानेच मामलेदाराकडे अर्ज करावयाचा. संरक्षण फुकट, मालकी मात्र खर्चाची: वकील, मोजणी, प्रत्येक तारखेला बुडणारा रोज. कित्येक कुटुंबे पहिल्याच पायरीवर थांबली ती आळसामुळे नव्हे.

आता एखादा एक-चौदाचा उतारा समोर घ्या. मालकाच्या रकान्यात भाटकार, कुळाच्या रकान्यात कसणारा, आणि ‘इतर हक्कां’त मुंडकाराच्या आजोबांचे नाव. तिघांच्याही हाती तोच कागद असतो आणि तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. कुळाची खरेदी पुरी झाली की मुंडकाराच्या दृष्टीने तोच नवा भाटकार! कालपर्यंत ज्याच्या बांधावर बसून पेज प्यायली, त्याच्याशी आज मामलेदाराच्या कचेरीत उलटतपासणी. असे दोन शेजारी मी स्वतः पाहिले आहेत. एकाच बसने येत आणि परतताना वेगवेगळ्या बसने जात.

भाटकार तेवढा जुलमी, हे समीकरणही आता सोडावयास हवे. सहा वारसांत वाटलेल्या एका तुकड्यावर जगणारी विधवाही कागदोपत्री भाटकारच असते. खरा फरक पडला आहे तो किमतीत. भात आणि नारळ यांच्या भावाने जमिनीचे मोल ठरत होते तोवर वादाला मर्यादा होती. आज रस्त्याकाठची ३०० चौरस मीटर जागा एखाद्या कारकुनाच्या आयुष्यभराच्या शिलकीला भारी पडते. अशा वेळी विलंब ही नुसती सरकारी ढिलाई राहत नाही. दाम वाढेपर्यंत ज्याला थांबणे परवडते त्याच्या दृष्टीने ती गुंतवणूकच ठरते. २०१४ मध्ये कुळांचे खटले मामलेदारांकडून दिवाणी न्यायालयांकडे नेण्यात आले. मोठी ओरड झाली आणि २०१७ मध्ये ते पुन्हा मामलेदारांकडे आले. फायलींचा प्रवास झाला, निकाल होते तेथेच राहिले.

मुंडकारांची नोंदवही ठेवण्याची तरतूद मूळ कायद्यातच आहे. मामलेदाराने अर्जाची वाट न पाहता भूमापनाचा नकाशा घेऊन गावात जावे, घरे मोजावीत आणि मुंडकाराचा तुकडा प्रथम निराळा काढावा. उरलेल्या जमिनीचीच खरेदीची सनद कुळाच्या हाती द्यावी. आज क्रम उलटा आहे. सनद आधी निघते, आणि तिच्या हद्दीत एक घर आहे हे भिंत दुरुस्त करण्याचा परवाना मागितला जातो तेव्हाच सरकारला कळते.