वेळूचे सांधे

अमरकोशांत वेळूला ‘त्वक्सार’ व ‘शतपर्वा’ अशीं नांवें दिलीं आहेत. बांबूचा मांडव घालणाऱ्यानें हीं दोन नांवें नीट समजून घेतलीं, तर निम्में काम झालें. वेळूचें बळ बाहेरच्या सालीलगत दाटलेल्या तंतूंत असतें, आणि हे तंतू उभे धांवतात. ताण ते उत्तम सोसतात. परंतु आडवें जखडणारें त्यांत फारसें कांहीं नसल्यामुळें पाचर बसतांच वेळू उभा चिरत जातो. आणि खिळा म्हणजे पाचरच!

आमच्या गल्लींत एका गृहस्थांनीं मुलांच्या अभ्यासासाठीं गच्चीवर छप्पर करवून घेतलें. कारागिरानें ओल्या बांबूंत खिळे ठोकून दोन दिवसांत काम उरकलें. सोलापूरचा वैशाख तो. बांबू आक्रसले, खिळ्याखिळ्यापाशीं भेगा पडल्या, आणि पहिल्याच वळवाच्या वाऱ्यांत एक बाजू खालीं आली. मुलें त्या वेळीं जेवावयास गेलीं होतीं, एवढेंच सुदैव.

वाळलेला वेळू घ्यावा आणि सांधा दोरीनें बांधावा. उभ्या वेळूच्या माथ्यास चंद्रकोरीसारखी खांच कोरावी. ती पेराच्या गांठीच्या किंचित् वर यावी, म्हणजे भारानें तोंड फाटत नाहीं. आडवा वेळू तींत बसवून काथ्याच्या दोरीनें आवळावा. पण वारा छप्पर दाबण्यापेक्षां उचलतोच अधिक. म्हणून त्याच गांठीखालीं गिरमिटानें छिद्र पाडून आरपार खुंटी घालावी व दोरी तिच्याखालून घ्यावी. दोरीचा सांधा थोडा फिरतो, यास्तव कोपऱ्यांत तिरपा वेळू हवाच. भूमिति शिकणाऱ्या घरच्या मुलांना विचारा: चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाहीं.

मोठ्या इमारतींची गोष्ट निराळी. कोलंबियाचे वास्तुकार सिमॉन वेलेझ हे बोल्ट जातो त्या पोकळ कांड्यांत सिमेंटचा मसाला भरतात; इ. स. २००० च्या हानोव्हर येथील जागतिक प्रदर्शनांतील त्यांचा भव्य बांबूमंडप प्रसिद्ध आहे. गच्चीवरच्या छपराला एवढा खटाटोप नको.

दोरी ऊनपावसांत कुजते, हा तिचा दोष खरा. परंतु ती बदलतां येते. फाटलेला वेळू सांधतां येत नाहीं. दरवर्षीं मृगापूर्वीं प्रत्येक बंध हातानें हलवून पाहावा, सैल असेल तो आवळावा, आणि कुजलेला त्याच दिवशीं बदलावा.